पाणी अडवलं कुणी? ओंटारियो सरोवराच्या दोन पुरांचं प्रकरण

न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टरच्या अंगाला ग्रीस नावाचं गाव आहे, तिथे एजमिअर ड्राइव्ह म्हणून एक रस्ता पाण्याच्या अगदी कडेकडेने जातो. एका हाताला ओंटारियो सरोवर, दुसऱ्या हाताला तळी आणि पाणथळ जमीन, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं. २०१७ च्या मे महिन्यात या घरांना पाण्याने दोन्हीकडून धरलं. वाळूची पोती भरायला नॅशनल गार्डचे जवान आले, शेजारीपाजारी आले, अंगणातली जमीन इतकी भिजली की सेप्टिक टँक चालेनात, आणि किनाऱ्यापासून ६०० फुटांच्या आत बोटींना ताशी ५ मैलांच्या वर जायला राज्याने बंदी घातली, कारण अशा वेळी बोटीची साधी लाटसुद्धा घरात शिरते. २९ मे २०१७ ला सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ७५.८८ मीटरला पोचली, म्हणजे १९५२ पासून टिकलेला उच्चांक मोडला. लोकांनी भिंती पुन्हा बांधल्या, खालचे मजले वाळवले, कर्ज काढलं, आणि दोनच वर्षांनी, जून २०१९ मध्ये, पाणी ७५.९२ मीटरला गेलं. आधीपेक्षा आणखी ४ सेंमी वर.

या दोन पुरांवरून जो वाद पेटला तो मला वाटतं पाण्यावरच्या कुठल्याही वादाचा नमुना आहे म्हणून सगळं प्रकरण नीट मांडतोय. काठावरच्या लोकांचं म्हणणं सरळ होतं, की जानेवारी २०१७ ला सरोवरातून बाहेर जाणारं पाणी सोडणारं धरण चालवायची नवीन नियमावली लागू झाली, तिचं नाव ‘प्लॅन २०१४’, आणि पाचव्या महिन्यात पूर, धरण बांधल्यापासून एवढं पाणी कधी आलं नव्हतं, मग दुसरं कारण शोधायचंच कशाला. समोरून उत्तर यायचं की पाऊस विक्रमी पडला, हवामान बदलतंय, प्लॅनचा काही संबंध नाही. आणि तिसरे म्हणायचे की हवामान बदल वगैरे सगळं उगाच, सरोवर वर-खाली होतच असतं, १९५२ ला नव्हतं का झालं. यातल्या प्रत्येकात थोडं थोडं खरं आहे, पण एकट्याने कुठलंच पुरत नाही, त्यामुळे आकड्यांत शिरल्याशिवाय गत्यंतर नाही.

पाणी येतं कुठून, जातं कुठून

उत्तर अमेरिकेतली पाच महासरोवरं (ग्रेट लेक्स) म्हणजे एकाखाली एक लावलेल्या टाक्या समजा. वर सुपीरियर, मग मिशिगन आणि ह्युरन (ही दोन मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेली असल्यामुळे पातळीच्या दृष्टीने एकच सरोवर धरतात), मग इरी, मग नायगारा नदी, आणि सगळ्यात खाली ओंटारियो. वरच्या चारांचं जादा झालेलं पाणी शेवटी ओंटारियोतूनच सेंट लॉरेन्स नदीत जातं आणि तिथून अटलांटिकला. ओंटारियोचा ऐंशी टक्क्यांहून जास्त येवा एकट्या इरीकडून येतो, बाकीचा त्याच्या स्वतःच्या पाणलोटातल्या नद्या आणि वरून पडणारा पाऊस. आता लक्षात घ्या की इरीच्या तोंडावर येवा कमी-जास्त करायची सोयच नाही. नायगारावर विजेसाठी पाणी वळवतात, पण इरी जेवढं ओतेल तेवढं ओंटारियोला घ्यावंच लागतं.

नियंत्रण आहे ते फक्त खालच्या टोकाला. कॉर्नवॉल आणि मसीना या दोन गावांच्या मध्ये, कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर, मोझेस-सॉन्डर्स धरण आहे. १९५८ ला ते सुरू झालं, १६ टर्बाइन अमेरिकेची, १६ कॅनडाची. किती विसर्ग करायचा हे वीज कंपन्या ठरवत नाहीत, ते ठरतं इंटरनॅशनल जॉइंट कमिशनच्या नियमांनी, म्हणजे आयजेसी. हे कमिशन १९०९ च्या सीमाजल करारातून आलं, सहा सदस्य, प्रत्येक देशाचे तीन. करारात पाण्याच्या वापराचा अग्रक्रम दिलाय, आधी पिण्याचं आणि घरगुती, मग जलवाहतूक, मग वीज आणि सिंचन. काठावरचं घर, पर्यटन, पाणथळ जागा यांचा त्या यादीत उल्लेखच नाही. १९०९ मध्ये कुणाला ते सुचलं नसणार, पण नंतरची सगळी भांडणं या रिकाम्या जागेतून उगवलीत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मग १९५२ चा पूर आला, किनाऱ्यावर हाहाकार झाला, आणि धरणाच्या परवानगीत काठावरच्या लोकांसाठी अटी आल्या. त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये पातळी ७४.१५ ते ७५.३७ मीटरच्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करायचा. चार फुटांचा पट्टा. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हा चार फुटांचा पट्टा लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसला की घरं, भिंती, धक्के, रस्ते, सांडपाण्याची टाकी, सगळं त्या हिशोबाने झालं. पण मूळ हिशोबात एक शर्त होती आणि ती मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. हा पट्टा काढला होता १८६० ते १९५४ या काळातल्या आवकेवरून. म्हणजे आकाशातून आणि इरीतून पाणी त्या ९५ वर्षांत आलं तेवढंच येत राहिलं तर हा पट्टा टिकणार, नाहीतर नाही. घर विकत घेताना हे वाक्य कुणी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि काठच्या माणसाचा राग मला इथेच समजतो, त्याला भरवसा दिला गेला पण भरवशाची अट सांगितली गेली नाही.

जुना प्लॅन, म्हणजे १९५८-डी, तोही काही आपोआप चालत नव्हता. सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत आवक त्या जुन्या नोंदीबाहेर गेली की आयजेसीचं विसर्गावर देखरेख करणारं मंडळ नियम बाजूला ठेवून आपल्या अंदाजाने विसर्ग ठरवायचं. इतक्या वेळा ठरवायचं की जाणकार त्या प्लॅनला ‘विचलनांसह’ असं शेपूट लावूनच बोलायचे.

प्लॅन २०१४ कशासाठी आला

ह्याचं कारण किनाऱ्यावरच्या दलदलीत आहे. पातळी वर्षानुवर्षं दाबून एका पट्ट्यात ठेवली की काठचं गवती कुरण मरतं आणि पाणकणीस सगळीकडे पसरतं, दाट, एकसुरी. नैसर्गिक सरोवरात अधूनमधून खूप पाणी येतं तेव्हा झाडोरा बुडतो, अधूनमधून खूप ओसरतं तेव्हा चिखल उघडा पडून जुनी बियाणी रुजतात, मग पाईक मासे अंडी घालायला जागा शोधतात, पक्षी घरटी करतात. धरणाने हे आलटून-पालटून होणं थांबवलं होतं. पाच वर्षांचा मोठा अभ्यास झाला, वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, आणि नवीन प्लॅनचा हेतू असा ठरला की चढ-उतार थोडासा मोकळा सोडायचा, त्यातून ६४,००० एकर पाणथळ जमीन सुधारेल. डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सरकारांनी होकार दिला. किनाऱ्याचं नुकसान यामुळे सरासरीने थोडं वाढेल हे आयजेसीने लपवलं नव्हतं, आधीच लिहून दिलं होतं. पण ते ‘सरासरीने थोडं’ ज्याच्या अंगणात येणार त्याला विचारा. दक्षिण काठावरच्या बऱ्याच गावांनी आधीपासून विरोध केला होता, आणि विरोध डावलून आणलेली गोष्ट लागू झाल्या झाल्या पूर आला तर माणूस दुसरा कुठलाच विचार करणार नाही. मीही केला नसता.

पण त्या पाच महिन्यांत घडलं काय ते बघू. १ जानेवारी २०१७ ला सरोवराची पातळी नेहमीसारखीच होती, भरलेलं वगैरे नव्हतं. हिवाळा विचित्र गेला, थंडी-ऊब-थंडी असं चालू राहिलं, आणि नदीवर बर्फाचा थर धरायचा की पुन्हा मोडायचा. बर्फ धरताना विसर्ग कमी करावाच लागतो, कारण जोरात पाणी सोडलं तर बर्फाचे तुकडे एकावर एक चढून नदीच तुंबते आणि मग विसर्ग तुमच्या हातातच राहत नाही. म्हणजे हिवाळ्यात आधीच पाणी उतरवून ठेवायची जी संधी असते ती पुन्हा पुन्हा हुकली. मग एप्रिल आणि मे मध्ये पाऊस कोसळला, ओंटारियोच्या पाणलोटातही आणि ओटावा नदीच्या खोऱ्यातही, एकाच वेळी.

हा ओटावा नदीचा भाग समजला की प्रकरण निम्मं समजतं. ओटावा नदी धरणाच्या खाली, मॉन्ट्रियालपाशी सेंट लॉरेन्सला मिळते. तिचं बरंच पाणी अडवायची सोय नाही. २०१७ च्या मे मध्ये ती फुगलेली, मॉन्ट्रियालने ७ मे ला आणीबाणी जाहीर केलेली, लोकं घराबाहेर काढलेली, आणि त्याच वेळी वरचे लोक ओरडतायत की गेट उघडा. उघडलं तर वरचं पाणी किती उतरतं? हा हिशोब कुणीही घरी बसून करू शकतो. ओंटारियोचं क्षेत्रफळ साधारण १९,००० चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यावरून एका आठवड्यात फक्त १ सेंमी जास्त उतरवायचं तर सेकंदाला ३१५ घनमीटर पाणी, म्हणजे ११ हजार क्युसेकच्या आसपास, सतत आठवडाभर जादा सोडावं लागतं. आणि ते पाणी मॉन्ट्रियालच्या अंगच्या सेंट लुईस सरोवरात गेलं की तिथे पातळी दहा-अकरा सेंमी चढते. वर एक, खाली दहा! ज्या दिवशी मॉन्ट्रियालच्या घरांत आधीच पाणी आहे त्या दिवशी हा निर्णय कुणी घ्यायचा? म्हणून नियमात अशी पायरी-पायरीची व्यवस्था होती, की वरची पातळी जसजशी चढेल तसतशी खालची मर्यादाही थोडी थोडी वाढवायची, म्हणजे दुःख दोघांनी वाटून घ्यायचं. जुन्या प्लॅनच्या काळातही मंडळ विचलन करून साधारण हेच करायचं, नवीन प्लॅनमध्ये ते लिखित नियम झालं एवढंच.

ओटावा ओसरल्यावर मात्र गेट खरोखर उघडलं. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत १०,४०० घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे साडेतीन लाख क्युसेकच्या वर, सलग आठवडेच्या आठवडे. धरण सुरू झाल्यापासून एवढा विसर्ग इतके दिवस कधी झाला नव्हता. गणिताने बघितलं तर एवढ्या विसर्गाने रोज पावणेपाच सेंमी उतरायला हवं, पण ते आवक शून्य धरली तर, आणि वरून इरी ओततच होतं. म्हणून काठावरून बघणाऱ्याला दिवसाला जेमतेम एखाद-दोन सेंमी फरक दिसायचा आणि वाटायचं की हे लोक काही करतच नाहीत.

नंतर तज्ज्ञांच्या समितीने तोच पाऊस आणि तीच आवक जुन्या प्लॅनमध्ये घालून पाहिली, उच्चांकात फरक आला काही सेंमीचा. धरण नसतंच तर पाणी याहून वर गेलं असतं. मला हा निष्कर्ष पटतो, कारण बर्फ, ओटावा आणि इरी या तीन गोष्टी कुठल्याही प्लॅनला जुमानत नाहीत. पण एक गोष्ट त्यातून सुटते. वादळाच्या दिवशी भिंतीवरून पाणी येतं की नाही हे कधीकधी त्या काही सेंमींवरच ठरतं, त्यामुळे ‘फक्त काही सेंटिमीटर’ असं टीव्हीवर बोलणाऱ्याने आधी एजमिअर ड्राइव्हवर उभं राहून ते बोलावं.

२०१९ ला परत

२०१९ ला कारणांची जागा बदलली. या वेळी इरीच स्वतः विक्रमी होतं, मे, जून आणि जुलै या तिन्ही महिन्यांच्या सरासरीने उच्चांक मोडले, सुपीरियरही तुडुंब. म्हणजे वरच्या टाक्या भरून वाहत होत्या आणि ते सगळं पाणी शेवटी इथेच येणार होतं. त्यात ओटावाने २०१७ चा स्वतःचा विक्रम मोडला. २७ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी मॉन्ट्रियालच्या पश्चिमेला सेंट-मार्थ-सुर-ल-लाक या गावाचा बांध फुटला आणि ६,००० हून जास्त लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी निघावं लागलं. त्या दिवसांत ओंटारियोचं गेट पूर्ण उघडा म्हणणाऱ्यांतल्या फार थोड्यांना या गावाबद्दल माहीत होतं, आणि त्या गावातल्या लोकांनाही ओंटारियोच्या दक्षिण काठावरच्या सोडस पॉइंट गावाच्या बुडालेल्या रस्त्यांबद्दल माहीत नसणार. एकाच नदीच्या दोन टोकांची माणसं, भाषा वेगळ्या, देश वेगळे, आणि दोघांचीही घरं पाण्यात.

उन्हाळ्यात पुन्हा १०,४०० चा विसर्ग. आता तिसरा पक्ष पुढे आला, जहाजवाले. एवढ्या विसर्गाला नदीत ओढ इतकी वाढते की जहाजांना वेगाचे, एकमेकांना पार करण्याचे निर्बंध घालून चालवावं लागतं, आणि आणखी वाढवलं तर वाहतूकच बंद. काठावरच्यांची मागणी होती की करा बंद, आमची घरं महत्त्वाची की तुमचा माल? कारखाने, बंदरं, धान्य नेणारे म्हणाले की आमचीही पोटं आहेत. मंडळाने मधला रस्ता काढला आणि तो कुणालाच आवडला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आयजेसीवर खटला भरला.

काठ कसा जातो

इथे जरा थांबतो कारण बातम्यांत हे नीट येत नाही. लोकांना वाटतं पूर म्हणजे पाणी चढलं आणि उतरलं. सरोवराच्या काठाचं नुकसान तसं होत नाही. दक्षिण किनाऱ्यावर हिमनद्यांनी मागे टाकलेले माती-दगडांचे उंचवटे आहेत, चिम्नी ब्लफ्सला गेलात तर त्यांचे कापलेले सुळके उभे दिसतात. पाणी कमी असतं तेव्हा लाट वाळूच्या पट्टीवर फुटते आणि तिथेच मरते. पाणी दोन फूट चढलं की पट्टी बुडते, लाट थेट कड्याच्या पायाशी येऊन आपटते आणि पाय पोखरते. कडा लगेच पडत नाही. तो महिन्यांनी, कधी पुढच्या हिवाळ्यात, पाणी ओसरल्यावर ढासळतो, तेव्हा वर्तमानपत्रवाले गेलेले असतात आणि मदतीच्या अर्जाची मुदतही संपलेली असते.

भिंतींचंही तसंच. लाट भिंतीवरून आत पडली की मागची भर भिजते, जड होते, मग पाणी परत जाताना फटींतून माती घेऊन जातं आणि एक दिवस अंगणात खड्डा पडतो, भिंत मात्र जागेवरच उभी. पुढून पायाशी उकरलं जातं ते वेगळं. आणि ज्याने उंच, भक्कम काँक्रीटची भिंत बांधली त्याच्यावरून लाट परत फिरते ती शेजाऱ्याच्या काठावर. कड्याची माती झिजूनच वाळूचे किनारे तयार होतात, सगळीकडे भिंती बांधल्या तर वाळू येणार कुठून? म्हणून एकेकट्याने केलेला बचाव सगळ्यांना मिळून महागात पडतो. काठच्या ज्या घराच्या दोन्ही बाजूंना पैसेवाल्यांनी भिंती उंच केल्या त्या मधल्या घराचं काय होत असेल हा विचार करून मला खूप वाईट वाटतं.

एक छोटी गोष्ट. हिमयुगाचं ओझं गेल्यापासून इथली जमीन अजून हळूहळू वर येते आहे, पण सगळीकडे सारखी नाही, ईशान्येकडचं तोंड, म्हणजे जिथून पाणी नदीत बाहेर पडतं ते, नैर्ऋत्येपेक्षा जास्त वर येतं. त्यामुळे टोरंटो, हॅमिल्टनच्या बाजूला पाणी शतकानुशतकं कणाकणाने चढत राहतं, थाळी कलती केल्यासारखं. २०१७ चा पूर यामुळे आला नाही, फक्त ‘सरोवराचा काठ कायमचा ठरलेला असतो’ ही समजूत किती कच्ची आहे ते यावरून कळतं.

आता हवामान बदल

हा भाग सगळ्यात जास्त चिघळलेला, आणि मला वाटतं दोन्ही बाजूंनी घाई केली. शंका घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असा की ऐंशी-नव्वदच्या दशकांत शास्त्रज्ञ सांगत होते तापमान वाढलं की महासरोवरं आटतील, आणि आता पाणी चढलं तर म्हणतात हेही त्याचमुळे, म्हणजे काहीही झालं तरी यांचं बरोबरच. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही, तिला उत्तर द्यायला हवं.

उत्तर असं. सरोवराची पातळी म्हणजे तीन गोष्टींचा हिशोब, वर पडणारा पाऊस, आजूबाजूच्या जमिनीवरून वाहून येणारं पाणी, आणि पृष्ठावरून होणारं बाष्पीभवन. तापमान वाढलं की बाष्पीभवन वाढतं हे खरं. पण हवा एक अंश तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे पडतो तेव्हा पाऊसही जास्त जोरात पडतो. सुरुवातीच्या बऱ्याच अंदाजांत जमिनीवरून उडणारं पाणी निव्वळ तापमानावरून काढलं होतं आणि ते वाजवीपेक्षा जास्त निघत होतं, त्यामुळे सरोवरं आटताना दिसायची. ही चूक नंतर शास्त्रज्ञांनीच पकडली आणि दुरुस्त केली. आता चित्र असं दिसतं की दोन मोठ्या शक्ती विरुद्ध दिशांना ओढतायत आणि दोन्ही बलवान होतायत, एका वर्षी ही जिंकते, दुसऱ्या वर्षी ती.

मिशिगन-ह्युरनचं उदाहरण घ्या, तिथे पातळी धरून ठेवणारं धरण नाही म्हणून ते साफ दिसतं. १९९८ च्या एल निनोनंतर पाणी तापलं, बाष्पीभवन वाढलं, आणि जवळपास पंधरा वर्षं पातळी खालीच. जानेवारी २०१३ ला नोंदीतला नीचांक. तेव्हा लोक म्हणत होते की सरोवर संपलं, धक्के कोरडे पडले होते. मग कडाक्याचा २०१३-१४ चा हिवाळा आला, मार्च २०१४ मध्ये महासरोवरांचा ९० टक्क्यांहून जास्त भाग गोठला, मग ओली वर्षं एकामागून एक, आणि २०२० ला त्याच सरोवराने महिन्यांमागून महिने उच्चांक मोडले. साडेसात वर्षांत पावणेदोन मीटरपेक्षा जास्त चढ.

म्हणून १९५२ कडे बोट दाखवणारा चूक नाही, सरोवर पूर्वीही चढायचं. आणि २०१७ चा प्रत्येक थेंब हवामान बदलाच्या नावावर टाकणारा स्वतःचीच बाजू कमकुवत करतो, कारण पुढच्या कोरड्या वर्षी लोक त्याला खोटा पाडतात. धरायची गोष्ट ही आहे की आवक आता १८६०-१९५४ च्या चौकटीत बसत नाही आणि वर-खाली दोन्हीकडे ती चौकट फुटते. एवढं मान्य केलं तर कारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, चार फुटांच्या पट्ट्यावर घर बांधणं धोक्याचंच ठरतं.

पैसे कुठे गेले

इथे दोन सरकारं दोन वाटांनी गेली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये किनाऱ्यावरच्या आठ काउंटींसाठी ३० कोटी डॉलरचा कार्यक्रम आणला, रस्ते उंच करणं, सांडपाण्याची व्यवस्था वर घेणं, बंदरं आणि किनारे मजबूत करणं. त्यातली सांडपाण्याची कामं मला मनापासून योग्य वाटतात. क्वेबेकने, म्हणजे मॉन्ट्रियाल ज्या कॅनडाच्या प्रांतात येतं त्याने, २०१९ ला वेगळं केलं. पूरमदतीला घरामागे आयुष्यभरासाठी १ लाख कॅनेडियन डॉलरची मर्यादा घातली, आणि ज्याला सोडून जायचंय त्याला २ लाखांपर्यंत देऊ केले. जुलैत तर २०१७ आणि २०१९ ला पाण्याखाली गेलेल्या भागांत नवीन आणि पुन्हा बांधकामालाच स्थगिती आणली. लोक भडकले, कारण नकाशावर एक रेघ मारली आणि रात्रीत घराची किंमत गेली, आणि ज्यांच्या दारात पाणी आलंच नव्हतं तेही काही ठिकाणी त्यात अडकले. पण प्रश्नाला थेट हात घातला तो क्वेबेकनेच. उठून जायला पैसे देणं हे भिंत बांधायला पैसे देण्यापेक्षा जास्त कठोर वाटतं, पण तिसऱ्यांदा पाणी येईल तेव्हा त्या कुटुंबाला कुठे बघायला आवडेल याचा विचार केला तर मी क्वेबेकच्या बाजूला उभा राहीन, फक्त नकाशा लोकांना सोबत घेऊन काढायला हवा होता आणि रक्कम घराच्या किमतीला पुरी पडायला हवी होती.

आयजेसीबद्दल माझी एकच तक्रार, पण ती मोठी आहे. इतकी वर्षं त्यांची भाषा ‘नियमन’ची राहिली. नियमन म्हटलं की सामान्य माणसाला वाटतं नळ आहे, कमी-जास्त करता येतो. प्रत्यक्षात त्यांच्या हातात फक्त थोडं इकडेतिकडे करणं आहे, ते त्यांनी दरवर्षी, प्रत्येक घरपट्टीच्या बिलासोबत म्हणा, साध्या भाषेत सांगायला हवं होतं, की पाणी अमुक उंचीपर्यंत येऊ शकतं आणि आम्ही ते थांबवू शकणार नाही. पूर आल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

२०१९ नंतर मंडळाने महिनोन्महिने प्लॅनच्या आकड्यापेक्षा जास्त विसर्ग चालू ठेवला, काठावरच्यांची मागणीही तीच होती, आणि २०२० मध्ये प्लॅन २०१४ चं पुनरावलोकनही सुरू झालं. पण दरम्यान पाऊस हटला, हिवाळा कोरडा गेला, आणि २०२१ च्या वसंतात ओंटारियो सरासरीच्या बरंच खाली होतं. मरिनांमधल्या, म्हणजे खासगी बोटी ठेवायच्या छोट्या बंदरांतल्या, बोटी उतरवता येईनात, धक्क्यांखाली चिखल दिसू लागला, आणि त्याच दक्षिण काठावरून मंडळाकडे तक्रारी यायला लागल्या की एवढं पाणी सोडलंत कशाला.